झेंड्याची कर

आमच्या गावाला स्वातंत्र्य एक दिवस उशिरा मिळालं, आणि तेही म्हशीच्या शेपटीला धरून आलं. हे मी खामगावात सांगितलं की लोक हसतात. पुण्यात सांगितलं की 'म्हणजे नेमकं काय झालं?' असं विचारतात. नेमकं मला ठाऊक नाही, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण आमचे बाबा होते, मिसरूड फुटलेले होते, आणि त्यांनी जे सांगितलं त्यात मी आजवर फार तर एखाददुसरी म्हैस वाढवली असेल.

वरवट बकालच्या अलीकडे आमचं गाव. रेल्वे, तार, छापील कागद हे सगळं पूर्णेच्या पलीकडे, नांदुऱ्याच्या अंगाला. आणि त्या पावसाळ्यात पूर्णा अशी आली होती की दोन लिंबाची झाडं एकमेकांशी गप्पा मारत वाहत गेली. त्यातल्या एकावर एक कावळा बसला होता, तो घाबरून उडायचंच विसरला. सुरतेला उतरला असणार. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेला जाते. माझ्या गोष्टीत खोटं सापडेल, भूगोल चुकलेला सापडणार नाही.

तर असल्या पुरात एक बांगड्या विकणारा कासार अलीकडे आला. गळ्यात बांगड्यांचे तोडे, हातात कोणाच्या तरी म्हशीची शेपटी. पारावर येऊन त्यानं लुगडं पिळावं तसं स्वतःला पिळलं आणि म्हणाला, गोरा गेला, आपलं राज आलं, आता त्याचा कर नाही.

इथं घोटाळा झाला. आमच्याकडे सरकारला जे भरायचं त्याला सारा म्हणत. 'कर' हा शब्द गावाला दोनच अर्थांनी माहीत. एक, सणाचा दुसरा दिवस: पोळ्याची कर, होळीची कर, संक्रांतीची कर. कालचं उरलेलं गोड खायचं, जू खुंटीला टांगायचं, शेतात पाऊल टाकायचं नाही. आणि दुसरा अर्थ म्हणजे जो सासू सुनेला, मालक गड्याला, बाप पोराला दिवसभर ऐकवतो तो. हे कर, ते कर, लवकर कर.

कोणीतरी विचारलं, कधी गेला गोरा? कासार म्हणाला, काल. मग पारावर जो शांतपणा पसरला तो बाबा फार छान करून दाखवत. एवढा मोठा सण, आणि गावानं काल दिवसभर चिखलात निंदण केलेलं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, सण हुकला तर हुकला, कर अजून हातात आहे. म्हणजे आज कर. आणि हा कासार म्हणतो की आता 'कर' नाही. म्हणजे आजच्या दिवशी कोणी कोणाला 'कर' म्हणायचं नाही.

पुढे शाळा आली, पंधरा ऑगस्टला खांबावर झेंडा चढू लागला, पोरांना बुंदी मिळू लागली. पण तो सरकारचा सण. गावाचा सण सोळा तारखेचा, झेंड्याची कर. त्या दिवशी हुकूम बंद. नुसता 'कर' हा शब्द नाही. आण, जा, बस, ऊठ, सगळं बंद. आणि ज्याच्या तोंडून हुकूम निघेल त्यानं ते काम स्वतः करायचं, एवढी एकच शिक्षा.

तुम्हाला वाटेल यात काय मोठं. एकदा दिवसभर करून बघा. गावातले एक थोर जमीनदार सकाळी सवयीनं गड्याला 'बैल सोड' म्हणाले. गडी हसला आणि बाजेवर जाऊन बसला. जमीनदारांनी आपले बैल सोडले, मग गल्लीतले लोक आपापले बैल घेऊन तिथं येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत बैल त्यांना हाक मारू लागले होते. देशावरून बदलून आलेले एक गुरुजी वर्गात शिरताच 'उभे राहा' म्हणाले आणि शाळा सुटेपर्यंत स्वतः उभे राहिले. एसटी गावाच्या शिवेत शिरली की कंडक्टर 'पुढे सरका' म्हणायचं सोडून 'पुढे जागा आहे असं ऐकतो' म्हणायचा. कुत्र्याला हाड म्हणावं की नाही यावर पारावर दोन तट पडले होते आणि ते माझ्या लग्नापर्यंत मिटले नव्हते.

बाबांचा जीव चहात अडकायचा. करीच्या दिवशी ते चुलीजवळ येऊन हवेशी बोलायचे, "काय बाप्पा, आज कोठूनतरी चहाचा वास येऊन राह्यला." माय भिंतीला टेकून म्हणायची, "येत असंन." मग बाबा स्वतः चहा मांडायचे. तो चहा एकदा चुकून गव्हाणीत सांडला, तर बैलानं दोन दिवस वैरण सोडली.

अशा या घरात आमच्या वहिनी आल्या. माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर वडनेर भोलजीच्या बाजूचं. सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि आमच्या घरात तेव्हा माणसं इतकी की जेवायला बसलो की पहिल्या पंगतीची भूक दुसरी पंगत उठेपर्यंत परत लागायची. मळ्यात मिरची, वांगी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. वहिनींना सगळे 'कर' म्हणायचे. माय म्हणायची, दादा म्हणायचा, आम्ही दीर 'करा' म्हणायचो, म्हणजे तेच, फक्त टोपी घालून.

त्यांच्या पहिल्या करीच्या दिवशी त्यांना या रिवाजाचं कोणी सांगायचंच राहून गेलं. त्या पहाटे उठल्या, आणि कोणी काहीच सांगेना. माय गप्प, दादा गप्प. त्यांना वाटलं, आपल्या हातून काही मोठं झालं, घर आपल्याशी बोलणं टाकतंय. त्या चुलीपुढे बसून रडायला लागल्या. मायनं विचारलं, काऊन रडतं व पोरी? कळल्यावर माय हसली, मग तिचं हसू मध्येच थांबलं. ते का थांबलं हे मला तेव्हा कळलं नाही. मी तेव्हा शाळेत होतो आणि शिळ्या बुंदीवर माझं लक्ष होतं.

पुढच्या वर्षी मात्र वहिनी तयार होत्या. लग्नातलं पातळ नेसल्या, हातात कापडी पिशवी घेतली, आणि कोणाला काही न विचारता सकाळच्या एसटीनं जळगाव जामोदला गेल्या. कोणी अडवणार कसं? 'जाऊ नको' हा हुकूमच झाला. संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या, पिशवी रिकामी. गावात चर्चा की चर्चा. कोणी म्हणालं सिनेमा पाहिला, कोणी म्हणालं मठात गेली. मी सांगत सुटलो की आमच्या वहिनी बुऱ्हाणपूरला जाऊन किल्ला बघून आल्या, आणि किल्ला त्यांना पसंत पडला नाही.

खरं त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. त्या स्टँडच्या बाकड्यावर बसायच्या आणि लागणाऱ्या बसच्या पाट्या वाचायच्या. अकोट, खामगाव, बुऱ्हाणपूर, नांदुरा. प्रत्येक बस सुटताना वाटायचं, या बसमध्ये आपण बसू शकतो. मग बसायच्या नाहीत. बसू शकतो, एवढ्यानंच त्यांचं पोट भरायचं. हे असं दर वर्षी. अगदी कडेवर पोर असतानाही.

आता इथून पुढे मला काही वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला, पण या गोष्टीला वर-खाली कुठेच जागा नाही.

मी कॉलेजात होतो त्या वर्षी नागपंचमीच्या सुमाराला वहिनींच्या माहेराहून निरोप आला की त्यांच्या मायचं बरं नाही, अंथरूण धरलंय, लेकीची आठवण काढते. घरातून उत्तर असं मिळालं की आधी निंदण होऊ द्या, मग मिरचीचा तोडा होऊ द्या, मग जा. वहिनी निंदायला गेल्या. आम्हाला वाटलं समजूतदार आहेत. त्या कॅलेंडर बघत होत्या. सोळा तारीख जवळ होती, आणि त्या दिवशी कोणाची परवानगी लागत नव्हती.

त्यांनी लाह्यांचं पीठ करून डब्यात भरलं, आजारी माणसाला पचावं म्हणून. सोळाला सकाळी पातळ नेसून, पिशवी घेऊन त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. जळगावला उतरायचं, तिथून नांदुऱ्याची गाडी, तिथून पुढे वडनेर. इतकी वर्षं वाचलेल्या पाट्यांपैकी एका पाटीच्या आत त्या आज बसणार होत्या.

दादा ओसरीत पोत्यांच्या घड्या घालत होता. दादा वाईट माणूस नव्हता, हे मी त्याचा भाऊ म्हणून सांगत नाही. त्याच्या अंगाला बारा महिने मिरचीचा वास यायचा. पोरं मांडीवर बसली की शिंकायची. त्या वर्षी झडी लागली होती, मिरची झाडावर सडायला आली होती. बाजाराचा मेटाडोर संध्याकाळी यायचा होता, आणि कर असल्यामुळे मजुरीला एकही बाई येणार नव्हती. ज्या रिवाजानं वहिनींना वाट मोकळी केली होती, त्याच रिवाजानं दादाचा मळा अडवला होता. हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा फक्त त्याचा आवाज ऐकू आला. मान वर न करता तो म्हणाला,

"अव, आज जानं नाही. मिरचीचा तोडा कर."

ओसरीत बाबा सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. माय चुलीकडे बघू लागली. घरात आम्ही इतके जण, आणि नियम सगळ्यांना तोंडपाठ. कोणीही नुसतं हसून म्हणायचं होतं, आता तोडा तूच कर. गावातल्या जमीनदाराला गल्लीभर बैल सोडायला लावणारा नियम होता तो. दादानंही हसून कपाळावर हात मारला असता, कदाचित.

वहिनी लगेच वळल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बाबांकडे, मायकडे, मग माझ्याकडे. मी, ज्याची झोपेतही गप्प बसत नाही अशी ख्याती होती, तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होतो. मग बाबांचा अडकित्ता पुन्हा वाजला. तो आवाज झाला आणि वहिनींनी पिशवी खुंटीला टांगली.

त्या दिवशी सगळ्या घरानं तोडा केला. लाजेनं म्हणा किंवा पावसाच्या भीतीनं म्हणा, सगळे मळ्यात गेलो. पाऊस भुरभुरत होता. मिरचीच्या मळ्यात एक सोय असते, डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी कारण विचारत नाही. मेटाडोर भरून गेला. पुढच्या आठवड्यात दादानं स्वतः वहिनींना वडनेरला नेऊन सोडलं. त्यांची माय जिवंत होती. तिनं वहिनींच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोनाची व तू?" लाह्यांच्या पिठाला तोवर अळी लागली होती, ते वहिनींनी तिथल्या गाईला घातलं.

आणि झेंड्याची कर? ती काही कोणी ठराव करून बंद केली नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या घरात सासूनं सुनेला पाण्याला पाठवलं. सून म्हणाली, आज कर आहे ना. सासू म्हणाली, मळेवाल्यांच्या घरी मागच्या वर्षी म्हटलं, त्याचं काय झालं? काही झालं नव्हतं. मग दुसऱ्या घरात, तिसऱ्या घरात. म्हशीच्या शेपटीला धरून पूर ओलांडून आलेली गोष्ट आमच्या ओसरीत बुडाली.

त्यानंतर वहिनी कधी जळगावच्या स्टँडवर नुसत्या बसायला गेल्या नाहीत. घर लहान होत गेलं. माय गेली, बाबा गेले, मी नोकरीसाठी खामगावला गेलो तो तिथलाच झालो. वहिनींची पोरं पुण्याला, नाशिकला. दोन वर्षांपूर्वी दादाही गेला. एवढ्या मोठ्या घरात आता त्या एकट्या आहेत. मळा बटाईनं दिलाय.

यंदा शाळेनं मला पंधरा ऑगस्टला बोलायला बोलावलं. गावचा माणूस, बोलका माणूस, आणि तासभर बोलायला मानधन मागत नाही. झेंडा चढला, मोठ्या आवाजाचे कर्णे लागले, पोरं कडक इस्त्रीत, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. आधीच्या पाहुण्यांनी स्वातंत्र्याचा अर्थ सांगितला. पोरांनी तो शांतपणे सहन केला. मग मी उठलो आणि म्हैस सोडली. कावळा सुरतेला पोहोचला तेव्हा पत्र्याच्या शेडखाली बसलेल्या बायाही हसत होत्या. गुरुजी उभे राहिले, बैलांनी हाका मारल्या, कंडक्टरनं 'असं ऐकतो' म्हटलं, वहिनी बुऱ्हाणपूरचा किल्ला नापसंत करून आल्या. टाळ्या पडल्या. सरपंचबाई म्हणाल्या, असा रिवाज होता हे आम्हाला माहीतच नव्हतं, पुन्हा चालू केला पाहिजे. बायांच्या मधोमध वहिनी बसल्या होत्या. मला वाटलं त्याही हसल्या.

रात्री त्यांच्याकडेच राहिलो. सकाळी सोळा तारीख. जुनी आठवण म्हणून मी काही न सांगता उठलो, गॅसवर चहाचं पातेलं, आमच्याकडचा गंज, ठेवला आणि बाहेर ओट्यावर आलो. वहिनी पाय खाली सोडून बसल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, आज कर हाय. जाऊ काय जळगावले? पाट्या वाचू. आता तर बायांले तिकीट बी अर्धं झालं."

"पाट्या दिसत नाही आता," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू हाय. आन् मले काऊन पाह्यजे कर, भाऊजी? माही आता रोजच कर हाय. पोरं फोनवर म्हनतात, आई, तू काही करू नको. सुना म्हनतात, काही करू नका. मले कोनी काही सांगतच नाही."

मी हसण्यावारी नेलं. म्हणालो, म्हणजे वहिनी, गावात सगळ्यात जास्त स्वातंत्र्य तुम्हालाच मिळालं. समोरून शाळेची पोरं चालली होती, एकाच्या दप्तराला कालचा कागदी झेंडा खोचलेला.

"काल तुम्ही म्हशीचं सांगतलं," त्या म्हणाल्या. "बसचं सांगतलं. मिरचीचं नाही सांगतलं."

मी म्हणालो, पोरं होती समोर.

"हाव. पोरं होती." मग त्या माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत, जसं काही सकाळीच घडलं असावं तसं म्हणाल्या, "नियम होता ना, भाऊजी? ज्याच्या तोंडून निघालं त्यानं करायचं. मी उभी होती उंबऱ्यात. मले वाटलं, आता कोनीतरी म्हनंन. त्याईचा मले राग नाही, त्याईची मिरची सडून राह्यली होती. पन बाकीच्यायची काय सडून राह्यली होती? एकानं म्हनायचं होतं. माह्या मायनं मले ओळखलं असतं."

आयुष्यभर मला कुठेही, कसल्याही प्रसंगी काहीतरी बोलायला सुचलेलं आहे. मयतीच्या घरी मी लोकांना हसवलेलं आहे. त्या ओट्यावर मला एक शब्द सुचला नाही. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे कालच्या पाहुण्यांनी सांगितलं, मीही सांगितलं. पण ज्या बाईनं वर्षातला एक दिवस आमच्यावर विश्वास ठेवून मागितला होता, ती उंबऱ्यात उभी राहून कशाची वाट बघत होती हे आमच्या दोघांच्याही भाषणात नव्हतं. खांबावर झेंडा चढवणं सोपं आहे, दोरी ओढली की तो जातो. घरातल्या माणसाला 'आता तू कर' म्हणणं, एवढ्याशा पाच अक्षरांत, कोणाला जमलं नाही. आणि ती वेळ निघून गेल्यावर आता घरभर कोणी 'कर' म्हणणारं उरलेलं नाही. याला स्वातंत्र्य म्हणायचं तर म्हणावं. मला म्हणवत नाही.

आतून फसफस ऐकू आली. एरवी असा आवाज झाला की वहिनी बोलणं अर्धं टाकून धावायच्या, पदर सावरत, स्वतःवरच चिडत. आज त्यांचे पाय ओट्याखाली तसेच हलत राहिले.

"चहा उतू जाऊन राह्यला, भाऊजी," त्या म्हणाल्या. नुसती बातमी. हुकूम नाही.

मी उठलो. गॅस बंद केला. गंजात अर्धाच उरला होता, तो दोन कपांत केला आणि बाहेर आणला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरून सगळा प्यायला. मी माझा घोट घेतला तेव्हा कळलं की साखर टाकायची राहून गेली होती. त्या काही बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर 'टाका' म्हणावं लागलं असतं.